फिशर, विनाऑपरेशन: आवळलेला स्नायू सैल होईपर्यंत

गुदद्वाराला चीर पडली, म्हणजे फिशर झालं, की शौचाच्या वेळी दुखतं, असंच बहुतेकांना वाटतं. खरा छळ त्यानंतर सुरू होतो. शौचाच्या क्षणी चरचरून फाटल्याची कळ येते आणि मिनिटभरात ओसरतेही. मग थोड्या वेळाने आत काहीतरी घट्ट आवळत जातं आणि ती ठणक दोन-दोन, तीन-तीन तास सुटत नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण माझा सगळा इलाज या दुसऱ्या दुखण्याभोवती फिरला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नागपूरहून उमरेड रस्त्याने रोजचं अपडाऊन. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की सहाच्या आत घर सोडावं लागतं. माझी पोट साफ व्हायची वेळ साडेसातची, आणि साडेसातला मी फळ्यासमोर उभी असते. शाळेतल्या बायकांच्या शौचालयाला उन्हाळ्यात पाणी नसायचं, म्हणून आम्ही सगळ्याच शिक्षिका दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावत नसू. त्यात हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि लोहाने मळ घट्ट होतो. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेण्याचं. मळ जितका जास्त वेळ आत थांबेल तितका कोरडा आणि कडक. दाबून ठेवलेली शौचाची भावना, कमी पाणी, लोह आणि वर नागपूरचा उन्हाळा. होळीच्या सुमारास एक दिवस ती पहिली कळ आली आणि पांढऱ्या भांड्यात लालभडक रक्ताचे थेंब दिसले.

मग तेच चक्र. दुखतं म्हणून जायची भीती, भीतीने टाळायचं, टाळल्याने मळ आणखी कडक, आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा उघडायची. गाडीत मी एका अंगावर कलून बसायची. वर्गात तर बसायचीच नाही. आमच्या गाडीत उमरेडच्या अलीकडे उतरणाऱ्या एक वडीलधाऱ्या बाई आहेत, त्यांनीच एकदा हाताला धरून विचारलं, "काऊन वं, बसत काऊन नाही तू धड? काही झालं का तुले? डॉक्टरले दाखव बरं, असं अंगावर नको काढू." सांगायला तोंड उघडेना. त्यांनी ओळखलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांनी कानाशी येऊन म्हटलं: "मलेही झालं होतं, पहिल्या बाळंतपणानंतर."

या दुखण्याबद्दल बायका किती गप्प असतात! मूल झाल्यावर फिशर होणं अगदी नेहमीचं आहे. तरी माझ्या ओळखीतल्या एकीनेही तोवर तोंडातून काढलं नव्हतं.

आधी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी तपासलं नाही. रक्त पडतं म्हटल्यावर मूळव्याधीच्या गोळ्या आणि एक मलम लिहून दिलं. मूळव्याधीत फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त येतं आणि सहसा दुखत नाही. फिशरमध्ये रक्त थोडं नि दुखणं जीवघेणं. ही वाट वेगळी आहे हे पाहिल्याशिवाय कसं कळणार? गोळ्यांनी काही फरक पडला नाही. मग शहरातल्या एका चकचकीत दवाखान्यात गेले. तिथे लेझरचं पॅकेज आणि विम्याची चौकशी पहिल्या पाच मिनिटांत झाली, आणि "आजच भरती व्हा, उद्यावर टाकू नका" असंही सांगितलं गेलं. मी घाबरून यजमानांना फोन केला. ते म्हणाले, आज नको, आधी अजून एका ठिकाणी दाखवू. साध्या फिशरमध्ये आज ऑपरेशन नाही केलं तर उद्या जिवावर बेतेल असं काही नसतं, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर ती रात्र रडून काढावी लागली नसती.

नागपूरच्या धंतोलीत दर दोन पावलांवर दवाखाना आहे. तिथल्या एका सर्जनबाईंकडे शेवटी नंबर लावला. त्यांची तपासणी मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण तिच्याच भीतीने कितीजणी जात नाहीत. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजायला सांगितलं. पडदा ओढला, नर्सताई शेजारी उभ्या राहिल्या. बाईंनी दोन्ही बाजूंची त्वचा हलकेच बाजूला केली, उजेडात पाहिलं आणि झालं. बोट घातलं नाही, नळी घातली नाही. इतकं दुखत असताना आत काही घालायची गरज नसते, चीर बाहेरूनच दिसते. आतली तपासणी दुखणं उतरल्यावर करता येते, असं त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी ती केलीही, आणि तेव्हा खरंच दुखलं नाही.

प्रश्न मात्र खूप विचारले. वजन उतरलंय का, ताप येतो का, पू येतो का, रक्त लालभडक की काळपट, जुलाब होतात का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, कुणाला टीबी? फिशर बहुतेकांना पाठीच्या बाजूला, अगदी मध्यावर होतं. बायकांमध्ये काहींना पुढच्या बाजूला. चीर एकच असेल आणि या मध्यरेषेवर असेल तर ती साधी समजायची. ती डाव्या-उजव्या अंगाला असेल, एकाहून जास्त असतील किंवा मुळीच दुखत नसेल, तर क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार), टीबी असे दुसरे आजार शोधावे लागतात. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदा रक्त पडलं तर "फिशरच असेल" म्हणून घरी बसायचं नाही. माझी चीर मागे, मध्यावर, एकच. कडेला कातडीचा एक छोटा कोंब यायला लागला होता, म्हणजे ती जुनी होण्याच्या वाटेवर होती. सहा ते आठ आठवड्यांहून जास्त टिकली की डॉक्टर तिला जुनं फिशर म्हणतात.

मग त्यांनी कागदावर दोन वर्तुळं काढली, एकात एक. बाहेरचा स्नायू आपल्या हातात असतो, आवळा म्हटलं की आवळतो. आतला आपलं ऐकत नाही. तो झोपेतही थोडा आवळलेलाच असतो आणि चीर पडली की कळवळून आणखी घट्ट होतो. शौचानंतर तासन् तास टिकणारी ठणक ती त्याची. मागच्या मध्यावर रक्ताचा पुरवठा मुळातच बेताचा. स्नायू आवळला की तोही अडतो, आणि रक्त पोचलं नाही तर कातडी भरून यायची कशाने? "थंडीत ओठाचा कोपरा फाटतो ना," बाई म्हणाल्या, "मलम कितीही लावा, रोज तोंड वासलं की पुन्हा फाटतो. इथेही तसंच. चीर बुजवायला मी काही देणार नाही. मळ मऊ राहील आणि स्नायू सैल पडेल एवढं बघू. चीर आपली आपण भरेल."

ऑपरेशनचं मीच विचारलं. त्यात आतल्या स्नायूचा थोडा भाग बाजूने कापून तो कायमचा सैल करतात. यश नव्वद टक्क्यांहून अधिक, म्हणजे उपाय पक्का. पण नंतर काहींना वायू रोखता येत नाही, क्वचित मळाचा डागही लागतो. माझी दोन्ही बाळंतपणं नैसर्गिक झालेली. प्रसूतीत हे स्नायू ताणले जातात, कधी कळत नकळत फाटतातही. म्हणून अशा बाईचा स्नायू कापायला आपण घाई करत नाही, असं त्या स्वच्छ म्हणाल्या. ताज्या फिशरपैकी जवळजवळ निम्मी नुसत्या मऊ मळाने आणि कोमट पाण्याच्या बैठकीने बरी होतात. माझं त्या टप्प्याच्या थोडं पुढे गेलं होतं, म्हणून सोबत मलम. त्यानेही न भरल्यास बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन तोच स्नायू काही महिने ढिला ठेवता येतो, आणि मग शेवटी ऑपरेशन. हा क्रम ऐकून मला हायसं वाटलं.

मलम होतं डिल्टियाझेमचं, २ टक्के. हे रक्तदाबाच्या गोळ्यांतलंच औषध. इथे ते जागेवर लावलं की आतला स्नायू सैल होतो आणि रक्त वाहू लागतं. सकाळ-संध्याकाळ, हरभऱ्याच्या दाण्याएवढं, बोटाला पातळ रबरी टोपी घालून, कडेवर आणि जेमतेम आत, खोल नाही. मला थोडी खाज आली, एवढंच. हेच काम नायट्रोग्लिसरीनचं मलमही करतं, पण त्याने बऱ्याच जणांचं डोकं भयंकर दुखतं. रक्तदाब कमी राहणाऱ्यांनी किंवा पोटात बाळ असणाऱ्यांनी यातलं काहीही स्वतःच्या मनाने आणून लावू नये. दुकानात मागितलं की मिळतं, म्हणून हे सांगते.

रात्री मळ मऊ करणारं लॅक्टुलोजचं गोड औषध, आणि त्यानंतर काही दिवसांनी इसबगोल. इसबगोल घेण्यातही रीत आहे. दोन चमचे भुसा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचा, फुगायच्या आत, आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर तोच भुसा आत गोळा होऊन बसतो. लोहाच्या गोळ्या बाईंनी तात्पुरत्या थांबवल्या, पुढे दुसऱ्या प्रकारच्या लिहून दिल्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल. कोडीनची वेदनाशामकं मात्र घ्यायची नाहीत, त्यांनी बद्धकोष्ठ होतं.

सगळ्यात जास्त आधार दिला तो कोमट पाण्याच्या बैठकीने. पसरट टबात कंबर बुडेल एवढं पाणी, त्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, शौचानंतर लगेच आणि दिवसातून आणखी एकदा-दोनदा. पाण्यात काहीही घालायचं नाही. डेटॉल नाही, तुरटी नाही, पोटॅशियम परमँगनेट नाही. फाटलेल्या नाजूक त्वचेला ते सगळं झोंबतं. पाण्याने चीर धुऊन बरी होते असं मी समजत होते. तसं नाही, ऊब लागली की आतला स्नायू सैल पडतो. बसल्यावर काही मिनिटांत ती मूठ उघडल्याची जाणीव मला अक्षरशः व्हायची. तोवर एप्रिल संपत आला होता, आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून आपसूक कढत येतं. गॅस पेटवायची गरजच पडली नाही, उलट माठातलं पाणी मिसळून ते सोसेल इतकं करावं लागायचं.

जेवण हा आमच्या घरात वादाचा भाग झाला. सासूबाईंचं म्हणणं, उष्णता झाली. त्यांनी सब्जा भिजवला, धन्या-जिऱ्याचं पाणी केलं, ते मी आनंदाने प्यायले. एरंडेलाची बाटली काढली तेव्हा मात्र नको म्हटलं, कारण सर्जनबाईंनी बजावलं होतं की जोराचे जुलाबही चिरीला फाडतात. मळ मऊ पण बांधलेला हवा. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) पोटात जायला हवेत, आणि त्यासाठी परदेशी डबे लागत नाहीत. ज्वारीत १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम तंतू असतात. रात्रीची पोळी बंद करून भाकर सुरू केली, सोबत अंबाडीची नाहीतर चवळीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, भिजवलेले चणे, रात्री भिजवून सकाळी खाल्लेले मनुके. संत्रं आमचं खरं, पण तंतूंसाठी पेरू त्याच्या दुपटीहून सरस. संत्र्याचा रस काढला तर तंतू जवळजवळ जातातच. तंतू हळूहळू वाढवायचे, नाहीतर पोट फुगतं. सासूबाईंना आकड्यांपेक्षा अंबाडीची भाजी पटली. नंतर सकाळी उठल्यावर "झालं का वं साफ?" हे त्या चहाआधी विचारायच्या, आणि मलाही उत्तर द्यायला संकोच वाटेनासा झाला.

नागपुरात राहून तिखटाचं न बोलता पुढे जाता येत नाही. तर्री पोहे आणि सावजी रस्सा यांनी चीर पडत नाही. पण पडलेली चीर त्यांनी पेटते. २००८ साली नागपुरातल्याच एका शल्यचिकित्सकाचा अभ्यास छापून आला होता. ताजं फिशर असलेल्या रुग्णांना काही दिवस लाल तिखटाच्या कॅप्सूल दिल्या, काही दिवस दिसायला तशाच पण बिनतिखटाच्या. केव्हा कोणत्या, हे रुग्णालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. तिखटाच्या दिवसांत दुखणं आणि जळजळ वाढली. हे वाचल्यावर मी भिवापुरी मिरचीचा डबा वरच्या फळीवर ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरात मटण शिजलं तेव्हा माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात काळ्या मिऱ्याचा रस्सा केला होता, तोही सासूबाईंनीच.

आता ते बरं होणं. ते सरळ रेषेत झालं नाही. रक्त आधी थांबलं. मग नंतरची ठणक आखडत गेली, तीन तासांची एका तासावर आली. शौचाच्या वेळची कळ सगळ्यात शेवटी गेली. पण शरीराला भीती बसली होती. मळ मऊ असतानाही बसलं की मी आपोआप आवळून धरायची. बाईंनी त्यावर श्वास शिकवला: पोटात खोल श्वास भरायचा, सोडताना पोट आणि खालचा सगळा भाग सैल सोडायचा, कुंथायचं नाही. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठून यायचं. फोन बाहेर ठेवायचा. आपलं जुनं भारतीय संडास या कामी बरं, कारण उकिडवं बसल्यावर आतली वाट सरळ होते. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यावा.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सुट्टी लांब मिळाली. शाळा उघडायच्या आधीच दुखणं पुरतं थांबलं. मला सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे ते इथलंच. दुखणं थांबलं म्हणजे चीर भरली असं नाही. वरची नवी कातडी त्या वेळी कागदासारखी असते आणि आतल्या स्नायूची आवळायची सवय अजून मोडलेली नसते. मलम पूर्ण आठ आठवडे लावायचं, दुखत असो वा नसो. इसबगोल आणि भाकर तर महिनोन् महिने. माझ्या गाडीतल्या त्या बाईंचं तीनदा उलटलं होतं, आणि तिन्ही वेळा त्यांनी दुखणं गेल्या आठवड्यातच सगळं बंद केलं होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीवर मलमाचं नाव होतं, किती दिवस लावायचं ते नव्हतं.

दिवाळीत माझंही एकदा उघडलं. फराळ, पाहुणे, गावी जाणं, वेळा विस्कटलेल्या. पुन्हा तीच कळ, कागदावर लाल रेघ. या वेळी मात्र काय करायचं ते माहीत होतं. त्याच संध्याकाळी टबात बसले, लॅक्टुलोज सुरू केलं, सर्जनबाईंना फोन करून मलम पुन्हा लावायला घेतलं. ताजी चीर होती, झपाट्याने भरली. कातडीचा तो छोटा कोंब अजून आहे. तो दुखत नाही, त्याला काढायची गरज नाही.

पुढच्या मार्चची मला धास्ती होती. मुख्याध्यापकांशी बोलले, आम्ही सगळ्या शिक्षिका मिळून बोललो, म्हणून ते बोलणं सोपं गेलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघाला आणि शौचालयावर पाण्याची टाकी बसली. आता शाळेत असताना मी बाटलीभर पाणी संपवते. सकाळच्या शाळेच्या दिवसांत पहाटे लवकर उठते, कोमट पाणी पिते, दोन घास खाते. पोटात काही गेलं की मोठं आतडं हलतं, ही शरीराचीच रीत आहे, आणि गाडी यायच्या आत बहुधा पोट साफ झालेलं असतं. नाही झालं तर शाळेत जायची सोय आहे.

शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला आठ आठवडे मलम लावूनही फरक पडला नाही. चीर जुनी, तळाशी स्नायूचे पांढरे धागे दिसत होते. तिने ऑपरेशन करून घेतलं आणि ती आता सुखात आहे. जायच्या आधी तिने मला विचारलं, डॉक्टरांना काय काय विचारू? मी सांगितलं: चीर कुठे आहे आणि एकच आहे ना, बाळंतपणात टाके पडले होते हे त्यांना स्वतःहून सांग, स्नायू किती कापणार ते विचार, आणि नंतर इसबगोल किती महिने घ्यायचं ते चिठ्ठीवर लिहून माग.